अस्सल तांब्याचं नाणं

परदेशातल्या आमच्या हेन्डरसन उपनगरात कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला डेअरी म्हणतात; तिथे ते काका रोज दिसायचे. नाव मी कधी विचारलं नाही. सुट्ट्यात मिळालेलं दहा सेंटचं तांबडं नाणं काउंटरवर आपटायचे, कान द्यायचे आणि तोंड वाकडं करायचे.

गणपतीच्या आदल्या दिवशी मी कलशात घालायला तसलंच नाणं घेतलं.

"ते घालू नकोस, आत लोखंड आहे," ते म्हणाले. "नाणी पाडायचे दोन प्रस्ताव होते. आमच्या कारखान्याचा अख्ख्या तांब्याचा, दुसरा मुलाम्याचा. मुलामा स्वस्त पडला, कारखाना बसला."

मग खिशातून त्या प्रस्तावातला नमुना काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवला.

"घे. अस्सल आहे, कुठेच चालत नाही."

मी तो काउंटरवर आपटला. खणखणीत वाजला. त्यांनी कान दिला नाही.