उपासाची पुरी

तिकीट काढून पाळण्यांत बसायच्या एका बागेतल्या हॉटेलच्या मॅनेजरने माझ्या मुलीला फसवलं. देवाच्या फोटोवर हात ठेवून फसवलं. शहराचं नाव मी लिहीत नाही, पण हे त्याच्या वाचनात आलं तर तो स्वतःला ओळखेल.

मी विदर्भातून भिलाईला रिकाम्या हाताने आलो. आधी दुसऱ्याच्या दुकानात ग्रीस पुसलं, मग स्कूटरच्या जुन्या सुट्या भागांचं स्वतःचं दुकान टाकलं. समोरच्याने सांगितलेला पहिला भाव मी कधी कबूल केला नाही. कार्बोरेटर हातात घेतला की त्याची चीर कुठे बुजवली आहे ते मला कळतं. अशा माणसाला एका पुरीने गंडवलं.

मुलगी लहानपणापासून खंगत होती. पोट फुगलेलं, हातपाय काड्या, दर आठवड्याला जुलाब. शेवटी रायपूरच्या एका डॉक्टरने सांगितलं, हिला गहू चालत नाही. पोळी, ब्रेड, बिस्किट, रवा, मैदा सगळं बंद, आणि चिमूटभरही नको. माझी सासू म्हणाली, "गव्हानं कोणाले काही होते काय? डॉक्टरलेच काही होऊन राह्यलं असन." पण गहू सुटला आणि मुलगी भरू लागली. छत्तीसगडात तांदळाला तोटा नाही. शेजारीण तांदळाच्या पिठाचे चिले, म्हणजे आपली धिरडी, करून द्यायची, घरी ज्वारीची भाकर होतीच.

त्रास बाहेरच्यांचा. लग्नात, बारशात लोक म्हणत, एका पुरीने काय होते, खाऊ द्या लेकराले. आजार सांगून कोणी ऐकत नसे. तेव्हा बायकोने युक्ती काढली: उपास आहे म्हणायचं. उपासाच्या माणसाला गव्हाचा आग्रह कोणी करत नाही. मग मुलीला सोमवारी महादेवाचा, मंगळवारी गणपतीचा, गुरुवारी दत्ताचा उपास. सेक्टरातल्या, म्हणजे आमच्या वस्तीतल्या, बायका कौतुकाने म्हणायच्या, "तुमची पोरगी मोठी भक्तीण आहे हो." मुलगी तोंडावर हात धरून हसायची.

तिच्या वर्गातल्या मैत्रिणी बापाच्या पोलाद प्लांटमधल्या नोकरीच्या सवलतीवर त्या बागेत जाऊन आल्या होत्या. मला सवलत नव्हती, पण मी कबूल केलं होतं: अंगावर मांस चढलं की नेईन. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका मे महिन्यात शेजारच्या दुर्गहून गाडीत बसलो. बायकोने भाकरी, दाण्याची चटणी आणि राजगिऱ्याचे लाडू असा मोठा डबा भरला होता.

बागेच्या फाटकावर पहारेकऱ्याने तो अडवला. बाहेरचं खाणं आत नाही. मी हिंदीत भांडलो, आवाज चढवला, रांग खोळंबली. तेवढ्यात आतून हॉटेलचा मॅनेजर आला आणि माझं बायकोशी बोलणं ऐकून मराठीत म्हणाला, "अहो, आपलीच माणसं तुम्ही! काय अडचण आहे, दादा?"

इथेच घात झाला. भिलाईत माझा सगळा धंदा हिंदीत. भाव, शिव्या, खोट्या शपथा, सगळं हिंदीत. मराठी फक्त घरात, चुलीजवळ. त्या भाषेत माझ्याशी कोणी कधी सौदा केला नव्हता. तो हिंदीत बोलला असता तर मी त्याला उभा सोलला असता. मराठीत माझा आवाज खाली आला.

मी म्हटलं, "पोरीले उपास आहे. गव्हाचा कणही नको."

"मग काळजीच सोडा, दादा. राजगिऱ्याची पुरी, बटाट्याची भाजी. वेगळी कढई." फाटकावरच्या तिकिटाच्या गल्ल्यावर देवाचा फोटो होता, त्याच्यावर त्याने हात ठेवला. मी डबा पहारेकऱ्याकडे दिला.

आत दुसरं होतंच काय? सामोसे, पाव, शेवया. भात होता तो अंड्याच्या बिर्याणीचा, आणि आमच्या घरी अंडंही चालत नाही. पुऱ्या आल्या. गोल, टम्म फुगलेल्या. बायकोने एक बोटाने दाबून पाहिली.

"राजगिऱ्याची पुरी अशी फुगत नाही हो."

मी मॅनेजरकडे बघितलं. तो लांबूनच हसला, "आमच्या आचारी महाराजांचा हात आहे तो!"

मुलगी माझ्या तोंडाकडे बघत थांबली होती. "बाबा, नक्की?"

"खा. मी विचारलं आहे."

तिने भुकेने खाल्ल्या. दुपारी होडीच्या पाळण्याच्या रांगेत ती पोट धरून खाली बसली आणि ओकली. तिथेच तिचे कपडे खराब झाले. मागे उभी असलेली पोरं नाक दाबून हसत होती. बायकोने तिला पदरात गुंडाळून नळावर नेलं. मी सरळ हॉटेलच्या मागच्या दाराने भटारखान्यात शिरलो. परातीजवळ मैद्याचं पोतं उघडं होतं.

"राजगिरा अकेला फटता है, साहब," आचारी म्हणाला. "मैदा तो डालना ही पड़ता है."

मी मॅनेजरची कॉलर धरली. तो म्हणाला, "लहान मुलीचा उपास मोडला, देव काही रागावत नाही."

"उपास नाही, आजार आहे तिले!"

"मग आजार सांगायचा ना! खोटं तुम्ही बोललात."

दोघा-तिघांनी मला ओढून बाहेर काढलं. मी खोटं बोललो ते मुलीला जपायला, तो बोलला ते पीठ खपवायला. ही दोन खोटी एका तागडीत घालणाऱ्याने ते मला पटवून दाखवावं. उपास मोडायचा की नाही हे तरी त्याने कोणत्या हक्काने ठरवलं?

फाटकावर डबा मागितला तर रिकामा मिळाला. वास येत होता म्हणून फेकलं म्हणे. परतीच्या गाडीत मुलगी संडासाच्या दाराशी आईच्या मांडीवर पडून होती. तिला द्यायला आमच्याकडे केळ्यांशिवाय काही नव्हतं आणि तेही तिच्या पोटात ठरत नव्हतं. दुर्गला उतरलो ते थेट दवाखान्यात. सलाईन लावायला शीर सापडेना. चढलेलं सगळं मांस उतरलं. त्या वर्षी ती शाळेत गेली ती दिवाळीनंतर.

ती वाचली, मोठी झाली. पण त्या दिवसापासून ती कोणाच्या शब्दावर घास उचलत नाही. आम्ही उपास सांगणं सोडलं आणि तिने लोकांकडे जाणं सोडलं. लग्नकार्यात ती कोपऱ्यात आपला डबा उघडून बसते. एकदा बायको आजारी असताना मी स्वतः ज्वारी दळून आणली, स्वतः भाकर थापली, तिच्यापुढे ठेवली. तिने भाकर उलटून पाहिली आणि मला विचारलं, "बाबा, नक्की?"

 माझं 'खा, मी विचारलं आहे' हे उत्तर त्या हॉटेलच्या टेबलावरच खर्च झालं होतं. ज्याने फोटोवर हात ठेवला, त्याने यावं, तिच्यासमोर उभं राहावं आणि तिला काय उत्तर द्यायचं ते द्यावं. मराठीत द्यावं.