चिखल्याची तीन अंडी

किनाऱ्यावरच्या त्या राखीव पाणथळीचा रक्षक गेली सव्वीस वर्षे एकच व्रत पाळीत आला होता: जे दिसले ते त्याच दिवशी नोंदवहीत लिहायचे, आणि जे दिसले नाही ते कितीही मोह झाला तरी लिहायचे नाही. वरिष्ठ अधिकारी आले नि बदलून गेले. वहीतील वळणदार अक्षर तेच राहिले. लोक त्याला ‘दुर्बीण’ म्हणत, आणि तो झोपतानाही ती गळ्यातून काढीत नाही अशी थट्टा करीत.

वसंताची चाहूल लागली होती. तुतवारांचे थवे उत्तरेच्या दीर्घ प्रवासासाठी ओहोटीच्या चिखलात चरून बळ साठवीत होते. खाडीकाठी पाणमांजराची ओली पाउले उमटू लागली होती. एका सकाळी वाळूच्या दांड्यावर चिखल्याची मादी लंगडत, पंख फरफटत त्याच्यापुढून पळाली. हे सोंग कशासाठी, ते त्याला पाठ होते. जागचा न हलता त्याने नजर फिरवली. चार पावलांवर, शिंपल्यांच्या चुऱ्यात, वाळूच्याच रंगाची तीन अंडी होती.

नियम निःसंदिग्ध होता. घरटे दिसले की भोवतीची जागा दोरीने बंद. पिले उडेपर्यंत कोणी आत पाऊल टाकायचे नाही. पण त्याच दांड्यावरून त्याची थोरली बहीण रोज शिंपले वेचायला जाई. आईच्या पश्चात तिनेच त्याला लहानाचा मोठा केला होता. शिंपल्यांचा मोसम उणापुरा महिनाभराचा, आणि दुसरी वाट तासाभराच्या वळशाची.

दुपारी जेवताना त्याने विषय काढला.

“अक्का, आता दांड्यावरून जायचं नाही. अंडी आहेत.”

“कुणाकुणाला सांगितलंस?”

“अजून कुणालाच नाही.”

“मग आजच्या दिवस तुला दिसलीच नाहीत. डोळ्यांना साठी लागलीय तुझ्या, कोण विचारतंय?” मग तिचा स्वर उतरला. “उद्याची ओहोटी मोठी आहे रे. एवढी एक करू दे. जपून जाईन.”

जेवण उरकून तो वही घेऊन बसला. त्या दिवशीच्या पानावर तुतवार आले, पाणमांजर आले. चिखल्या आला नाही.

दुसऱ्या सकाळी अंड्यांवर पक्षी नव्हता. ऊन चढत होते. अंड्यांपासून बोटभर अंतरावर टाचेचा खोल ठसा होता. त्याने चिखलात वाकलेल्या बहिणीला हाक मारली. ती आली, आणि तिने आपली टाच ठशाशेजारी टेकवली.

“माझाच,” ती म्हणाली. “देवाशपथ, मला काही दिसलंच नाही.”

“दिसू नयेत म्हणूनच तशी असतात ती.”

“मग बघत काय बसलास? दोरी आण. आणि गाठ घट्ट मार, तुझी गाठ म्हणजे वाऱ्याला आमंत्रण.”

दोघांनी मिळून दोरी बांधली आणि दूर जाऊन उभी राहिली. मादी थोडी धावली, थबकली, पुन्हा धावली, आणि अखेर अंड्यांवर विसावली. अक्काने रोखून धरलेला श्वास सोडला.

त्याने वही उघडली: ‘चिखल्या, अंडी तीन. काल सकाळी पाहिली, आज लिहिली. विलंब माझा.’

“माझं नाव घाल की,” ती म्हणाली.

“वहीत पाखरांचीच नावं असतात, अक्का.”

महिनाअखेरीस अधिकाऱ्याने त्या ओळीखाली तांबडी रेघ ओढली. सव्वीस वर्षांतली पहिलीच. रक्षकाने कारण सांगितले नाही. तोवर तिन्ही पिले दोरीच्या आत पळू लागली होती, आणि अक्का रोज तासभर आधी उठून वळशाच्या वाटेने जात होती.