टिक कोणाची?

बाईंनी घरी फ्रिज घेतला तेव्हा दुकानदाराला घाम फुटला होता. एकेका चालू फ्रिजला कान लावून त्यांनी चार नापास केले आणि पाचवा घेतला. तेव्हापासून नवरा सगळ्यांना सांगत असे, की आमच्या घरात कुजबुजायची सोय नाही. जाऊबाईंना तर फोनवर बाईंबद्दल काही बोलायचं असलं की त्या गच्चीवर जात.

रेकॉर्डच्या कारखान्यात बाईंना सगळे कानसेन म्हणत. तोंडावर बाई, पाठीमागे कानसेन. आणि पाठीमागचंही त्यांना ऐकू येई, हे वेगळं सांगायला नको. गरम प्रेसखाली काळी तबकडी तयार झाली, की त्या मालातली एक उचलून त्यांच्या खोलीत येई. खोलीत एक टेबल, एक खुर्ची, एक रेकॉर्ड प्लेअर. तबकडी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची, सुई कुठे अडखळते ते पेन्सिलीने लिहायचं आणि तक्त्याच्या तळाशी, ‘ऐकणाऱ्याची सही’ असं छापलेल्या चौकटीत, पेनाने सही करायची. सही नाही तर माल बाहेर नाही.

त्यांचा जीव होता नाचाच्या रेकॉर्डांवर. रेडिओवर कधीच न लागणारं, तळघरांत आणि रिकाम्या गोदामांत वाजणारं ते यंत्रांचं संगीत. पांढरं लेबल, त्यावर रबरी शिक्का, आणि फार तर तीनशे प्रती. दर शुक्रवारी अशा नव्या रेकॉर्ड बाजारात जात आणि त्याआधी जगात सर्वांत पहिल्यांदा त्या ऐकत असत एक अठ्ठावन्न वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या बाई. गाणं संपल्यावर लेबलापर्यंत जी गुळगुळीत पट्टी उरते, तिच्यावर बनवणारे लोक बारीक अक्षरात काहीबाही कोरून घेतात. कोणी प्रेयसीचं नाव, कोणी घरमालकाला शिवी. बाई तेही भिंगातून आवडीने वाचत.

पण याच संगीताने एकदा त्यांचं नाक कापलं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी, या खोलीत नव्या असताना, त्यांनी तीनशे रेकॉर्ड ‘खरखर’ म्हणून नापास केल्या. संगीतकार तणतणत आला. म्हणाला, “बाई, ती खरखर जमवायला मला चार महिने लागलेत!” कारखाना आठवडाभर हसत होता. तेव्हापासून बाई लेबलाच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवू लागल्या. दर फेऱ्याला कपटा ठरावीक जागी आला की आवाज होत असेल, तर चूक कारखान्याची. नाहीतर तो आवाज गाण्याचा.

त्या मंगळवारी बसवालीची रेकॉर्ड आली. ही मुलगी शहरात बस चालवायची आणि फावल्या वेळात संगीत करायची. तिची ही पहिलीच रेकॉर्ड. शुक्रवारी ती तळघरात वाजायची होती. दुसऱ्या बाजूच्या पहिल्याच मिनिटाला बाईंनी कान टवकारले. टिक. पुन्हा टिक. चार ठोक्यांमागे एक.

कपटा दर वेळी त्याच जागी होता. पण बाईंनी जेव्हा साहेबांना बोलावलं, तेव्हा साहेबांनी मान डोलावून ठेक्यात बोटं नाचवली. “गाण्यातलीच आहे की. चार ठोक्यांना जेवढा वेळ, तेवढाच तबकडीच्या एका फेऱ्याला. तुमच्या कपट्याचं काय घेऊन बसलात? पुन्हा एकोणीस वर्षांपूर्वीसारखं करू नका.”

बाईंचा पारा चढला. बरोबर तिथेच बोट ठेवलं होतं मेल्याने!

“साहेब, इकडे उभे राहा,” त्या म्हणाल्या. “चारातल्या पहिल्या ठोक्यावर टाळी वाजवा. बाकी काही करू नका.”

प्रेसवाला दारात येऊन उभा राहिला. त्याच्या मागे बसवालीही होती. खोके न्यायला आली होती, अंगावर कामाचा गणवेश तसाच. साहेब टाळ्या वाजवू लागले. बाई टेबलावर पेन्सिल वाजवू लागल्या, प्रत्येक टिकला एकदा. सुरुवातीला टाळी आणि पेन्सिल एकत्र पडली. हळूहळू पेन्सिल किंचित पुढे सरकली. मिनिट संपता संपता ती टाळीच्या चांगलीच आधी वाजत होती, आणि साहेब गोंधळून टाळ्याच विसरले.

“फेरा आणि ताल एकसारखे नाहीत. केसाएवढा फरक आहे,” बाई म्हणाल्या. “टिक फेऱ्याबरोबर चाललीये, तालाबरोबर नाही. म्हणजे आपली आहे.”

प्रेसवाला गुपचूप गेला, प्रेसमधला धातूचा साचा काढून घेऊन आला आणि त्याने त्यावरून नख फिरवलं. एका जागी नख अडलं.

प्रकरण इथे मिटायला हवं होतं. पण साहेबांनी आवाज खाली आणला. “बाई, नव्या साच्याला तीन आठवडे लागतील. उद्यापासून प्रेसवर मोठ्या गायिकेचा माल चढतोय. या धडधडीत कोणाला टिक ऐकू येणारे? करून टाका सही.”

“मावशी,” बसवाली दारातूनच म्हणाली. “राहू दे ना. शुक्रवारी सगळे येणारेत. आणि खरं सांगू? मला आवडलीये ती टिक.”

“बघा! गिऱ्हाईकच हो म्हणतंय. तुमचं काय जातंय?”

“माझी सही जाते,” बाई म्हणाल्या. मग मुलीकडे वळल्या. पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं. पण त्या हलल्या नाहीत. “आवडली असेल तर पुढच्या गाण्यात स्वतःच्या हाताने घाल. आमची चूक तुझ्या नावावर नको.”

“मग सही मी करतो,” साहेब म्हणाले.

“खुशाल करा. ऐकणाऱ्याची सही आहे ती. एक मिनिट टाळ्या वाजवल्यात, उरलेली दहा मिनिटं ऐका आणि करा. मी थांबते.” आणि बाई खरंच खुर्चीवरून उठून, गुडघा धरून, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

साहेबांनी खुर्चीकडे पाहिलं, साच्याकडे पाहिलं आणि पाय आपटत निघून गेले. बाईंनी तक्त्यावर आडवं ‘नापास’ लिहिलं, पेनाने. बसवालीही गेली. जाताना तिने दार आपटलं नाही, हेच बाईंना जास्त लागलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांची बदली पॅकिंगला. सतरा दिवस त्यांनी गायिकेच्या रेकॉर्ड पाकिटांत भरल्या, आणि तिथूनही ओरडून सांगत राहिल्या, की दोन नंबरच्या प्रेसचा आवाज बदललाय. अठराव्या दिवशी दुकानांतून गायिकेची खोकी तक्रारींसकट परत येऊ लागली. माफी वगैरे कोणी मागितली नाही. खुर्ची मात्र परत मिळाली. बसवालीची रेकॉर्ड नव्या साच्यातून निघाली, बाईंच्या सहीने गेली. ती मुलगी खोके न्यायला स्वतः आली नाही.

सात महिन्यांनी एक पांढऱ्या लेबलाची तबकडी टेबलावर आली. नाव तेच, बसवालीचं. बाईंनी सुई ठेवली. पहिल्याच मिनिटाला टिक.

बाईंचा हात पेन्सिलीकडे गेला. पुन्हा तिच्याच रेकॉर्डला? टिक ठोक्यावर पडली, मग किंचित आधी, मग आणखी आधी, अगदी तशीच. त्यांनी कपटा चिकटवला आणि पुन्हा सुरुवातीपासून ऐकलं. या वेळी टिक होताना कपटा कधी वर होता, कधी खाली, कधी भलतीकडेच.

“अहो बाई, टिक आहे की!” दारातून जाणारे साहेब थबकले. आता त्यांनाही ऐकू येऊ लागलं होतं. “नापास?”

बाईंनी तबकडी उचलून उजेडात तिरपी धरली आणि भिंग त्यांच्या हातात दिलं. साहेबांनी डोळे बारीक करून गुळगुळीत पट्टीवरची अक्षरं मोठ्याने वाचली.

“मावशी, ही माझी आहे.”

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली आणि पेन मागितलं.