शेंदराखालची माय

ती घटना मी विसरलेलो नाही, पण विसरता आली तर बरं, असं अनेकदा वाटलं आहे. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. लाज मात्र या एका साध्या चोरीनेच आणली.

साठच्या दशकात मी नागपूरजवळच्या एका ठाण्यात नवा फौजदार होतो. कन्हान नदीकाठच्या एका गावची ‘माय’ चोरीला गेली. माय म्हणजे पिंपळाखालचा हातभर उंचीचा दगड, पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदराने लाल आणि गोल झालेला. फिर्याद द्यायला अर्धं गाव आलं आणि येताना चोराचं नावही घेऊन आलं. गावातल्या एका विणकराने काही वर्षांपूर्वी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, घरचे देव नदीत सोडले होते. सरपंच म्हणाले, “ज्यानं घरचे देव बुडवले साहेब, तो गावचा काहून ठेवीन?” मला ते पटलं. आयता आरोपी मिळाला की नवा फौजदार पुरावा मागाहून शोधतो.

त्याच्या घरी जाऊन हातकडी घातली आणि भर बाजारातून त्याला आणलं. नदीत गळ टाकून मायचा शोध घेतला; शिंपल्यांशिवाय काही हाती लागलं नाही. हवालदारांनी आपल्या पद्धतीने विचारून पाहिलं. विणकर एकच सांगत राहिला, “मी माझे देव सोडले. दुसऱ्याचे काहून सोडू?”

मग खबर आली. शहरातल्या जुन्या वस्तूंच्या एका दुकानातून एक दगडी मूर्ती गवतात बांधून मुंबईला निघाली होती. आम्ही छापा घातला, पंचनामा केला. दुकानदार म्हणाला, विकणारा तोंडाला दुपट्टा बांधून आला होता, आपण त्याला ओळखत नाही. मूर्ती सोड्याने धुऊन लख्ख केलेली, काळ्या दगडाची, मांडी घालून बसलेली. हीच त्या गावची माय की दुसरीकडची मूर्ती, हे ठरेना. ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत ती सायकली आणि हंड्यांच्या गर्दीत फुटली असती. म्हणून ती शहरातल्या वस्तुसंग्रहालयात ठेवली आणि ओळख परेडही तिथेच घेतली. चोरीचा माल तशाच इतर वस्तूंत मिसळून साक्षीदारांना दाखवायचा, हा नियम. संग्रहालयाच्या प्रमुखांनी त्याच आकाराच्या चार जुन्या मूर्ती काढून दिल्या. पाची ओळीने मांडल्या.

गावाकडून सरपंच, एक म्हातारी आणि मायला रोज शेंदूर-तेल लावणारा पुजारी असे तिघे आले. तिघांनीही चपला दारातच काढल्या. संग्रहालय असलं तरी आत देव होते. एकेकाला आत घेतलं. सरपंचांनी पाची मूर्ती नीट पाहिल्या आणि मान हलवली. म्हातारी प्रत्येकीसमोर वाकून म्हणाली, “आमच्या मायले नाक-डोळे कुठं होते बापा? हे तं सारे माणसावानी आहेत.” बरोबरच होतं. शेंदराखालचं रूप गावातल्या कोणी कधी पाहिलंच नव्हतं.

शेवटी पुजारी आला. गावातला सगळ्यात मानाचा माणूस. चार मूर्तींसमोर तो थांबला, निरखून पाहिल्या. छाप्यात मिळालेल्या मूर्तीसमोर मात्र जमिनीकडे बघत पुढे सरकला आणि म्हणाला, “यात आमची माय नाही, साहेब.” अनोळखी वस्तूकडे माणूस टक लावून बघतो. नजर चुकवायला आधी ओळख लागते.

मी त्याला बाजूच्या खोलीत बसवलं, पाणी दिलं आणि एवढंच विचारलं, “चार पाहिल्या महाराज, पाचवी का नाही पाहिली?”

त्याने पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाला, “तिले धुतलं तवा मी तिथं उभा होतो. मले पाहवत नाही.”

शेजारच्या गावात संगमरवरी देवी बसली होती, डोळ्यांची, मुकुटाची. आपल्या गावी तसंच व्हावं, हा त्याचा ध्यास. दुपट्ट्याची गोष्ट बनावट होती; त्या दुकानदारानेच जुन्या दगडाच्या बदल्यात त्याला नवी मूर्ती देऊ केली होती. माय रूप पालटून परत आली, असं तो गावाला सांगणार होता.

“आणि विणकर?” मी विचारलं.

“त्याचं नाव मी नाही घेतलं. गावानं घेतलं. मी फक्त चूप राहिलो.”

विणकराची सुटका झाली तेव्हा त्याने एकच मागणं केलं. “ज्याच्यापायी मी आत होतो, ते एकदा पाहू द्या.” मी त्याला संग्रहालयात नेलं. सरपंच आणि गावचे लोक आधीच आले होते; माय परत कधी मिळेल, हे त्यांना विचारायचं होतं. एव्हाना मूर्ती नीट तपासून झालेल्या प्रमुखांनी त्यांना शांतपणे सांगितलं की ही देवी नाही. हे ध्यानस्थ बुद्ध आहेत, कित्येक शतकांपूर्वीचे.

गावकऱ्यांनी माना खाली घातल्या. विणकर पुढे झाला, हात जोडून उभा राहिला. सरपंच अवघडून म्हणाले, “चुकलं गा आमचं. आता तूच सांग, हिले गावात न्यावं का नाही?”

“न्या,” विणकर म्हणाला. “तुम्ही तिले माय म्हटलं, तुमची मायच आहे. पाहिजे तं शेंदूरही लावा, मी अडवत नाही. फक्त यापुढं गावात काही चोरीले गेलं, तं पहिले माझ्या घरी येऊ नका.”

निकाल काय तो पुढे कोर्टाने दिला. मी मात्र त्यानंतर एक शिस्त पाळली. सगळं गाव एकमुखाने एकाच माणसाचं नाव घेऊ लागलं की त्या माणसाला बोलावण्याआधी गावाचीच चौकशी करायची. ही शिस्त मला बढतीपर्यंत उपयोगी पडली, ठाण्यातल्या पोरांना मी ती शिकवलीही. पण त्या दिवशी गावकऱ्यांनी माना खाली घातल्या तेव्हा मीही त्यांच्यातच उभा होतो. विणकराच्या घरी पहिला गेलो होतो तो मीच.