पाट्या मीच रंगवल्या होत्या

कॉलेजच्या शिबिरात आम्ही गडचिरोलीकडच्या एका शाळेत झाडं लावली. प्रत्येक रोपाला बांबूचं कुंपण, त्यावर ते जगवणाऱ्या मुलाच्या नावाची पाटी. माझं अक्षर बरं, म्हणून पाट्या मी रंगवल्या. गुरुजींनी दिली ती नावं लिहिली. कोणाची, ते विचारलं नाही.

मार्चमध्ये पुन्हा गेलो. आत गणिताचा तास चालू होता आणि गावाबाहेरच्या टोल्यावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, तीन मुली बोडीतून, जवळच्या लहान तळ्यातून, पाणी आणत होत्या.

"वर्गात काऊन नाई?" मी एकीला विचारलं.

"झाडं मरतीन ना, भाऊ." तिनं पाटीकडे बोट केलं. "हे कोनाचं नाव आहे?"

चौथीतली मुलगी, तिला वाचता येत नव्हतं. आडनावावरून मला कळलं, नाव पाटलाच्या मुलाचं होतं.

मी गुरुजींना जाब विचारला, तर म्हणाले, "त्याईले सवय आहे पान्याची. कॉलेजात गेला म्हणून आमालेच शिकवतं का?"

माझी बहीणही अशीच शाळेचं पाणी भरत राहिली. ती आजही अंगठा लावते. मला गुरुजींचा संताप आला. स्वतःच्या सुंदर अक्षराचीही चीड आली. मुलींच्या हातातल्या बादल्या घेतल्या, भर वर्गात नेऊन ठेवल्या आणि पाटीवरचं नाव पुकारून पाटलाच्या पोराला म्हटलं, "ऊठ. तुयं झाड तहानलं आहे."