शांत परिसर

थांबा, आधी हे ऐका, मग तुमची कामं करा. संध्याकाळपर्यंत थांबले तर मी सांगणारच नाही, माझं मला माहितीय.

मी सोलापुरात प्लॉट, फ्लॅट, गाळे दाखवते. एजंट. सध्या लई धावपळ आहे. पेपरात विमानसेवेची नाहीतर आयटी पार्कची बातमी आली की दुपारपर्यंत सगळे प्लॉटवाले रेट वाढवतात आणि वर मलाच विचारतात, "बरोबर हाय की नाय?" जाहिराती इतक्या टाकते की मोबाईलवर नुसतं 'शां' लिहिलं की पुढचं तोच लिहितो. शांत परिसर.

गेल्या आठवड्यात आमच्या जुन्या गल्लीतल्या टॉवेलच्या कारखान्याचं काम आलं. शेड विकायची, घेणारा ती पाडून तिथं फ्लॅट बांधणार. माझे नान्ना, म्हणजे वडील, त्याच कारखान्यात माग चालवायचे. तेव्हा अख्ख्या गल्लीत माग, दिवसभर खडाक-खडाक. दहावीला मी कानात कापूस घालून अभ्यास केलाय. रोज देवाला म्हणायचे, देवा, लाईट घालव, माग बंद पडू देत.

जाहिरात टाकली आणि दहा मिनिटांत कारखान्याच्या मालककाकांचा फोन.

"ए अम्मा!" आमच्या तेलुगू घरांत मोठी माणसं लहान पोरीलाही अम्माच म्हणतात. "शांत कोण म्हणलं तुला?"

"काका, सगळ्याच जाहिरातीत टाकते मी ते. गिऱ्हाईकाला आवडतं."

"माग बंद पडले तर गल्ली शांत. कोण गेलं तर गल्ली शांत. तू जाहिरात टाकलीस का श्रद्धांजली?"

मला हसू आलं. पण ते हसत नव्हते. म्हणाले, "उद्या अकराला शेड बघायला बिल्डर येणार म्हणालीस ना? तू दहाला ये. नान्नाला घेऊन ये. एका मागावर थोडा ताणा राहिलाय. परवा भंगारवाला माग न्यायला येतोय."

नान्ना आता एका सोसायटीच्या गेटवर बसतात. मागांच्या आवाजात जन्म गेला, त्यामुळे बोलतात ते ओरडूनच. सोसायटीतल्या बायका म्हणतात, "काका, हळू." मग ते गप्पच बसतात. घरीही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र स्कूटीवर माझ्या आधी येऊन बसले, धुतलेला शर्ट घालून.

शेडमध्ये चार माग उरलेले, तीन गंजलेले. नान्नांनी चौथ्यावरची धूळ शर्टाच्या बाहीनं पुसली. धुतलेल्या शर्टाच्या! ताण्याचे, म्हणजे मागावरचे उभे दोरे बोटांनी चाचपले, एक तुटलेला होता तो गाठ मारून जोडला, आणि बटण दाबलं.

खडाक-खडाक. एकच माग, पण पत्रा थरथरला, माझ्या पायातून वर आलं ते.

आणि नान्ना बोलायला लागले. आवाज न काढता, नुसते ओठ हलवून. मागांच्या गोंगाटात कामगार असंच बोलायचे. काका पलीकडून तसंच उत्तर देत होते. दोघं हसत होते. लहानपणी मी नान्नांचा डबा द्यायला यायचे तेव्हा मला ते सगळं कळायचं. अगदी कोण कुणाला शिव्या देतंय तेसुद्धा! आता एक शब्द कळेना. मी बघतेय, बघतेय, आणि नुसते ओठ.

तेवढ्यात बिल्डर आले. लवकर आले. कानावर हात ठेवून माझ्याजवळ वाकले, "मॅडम, हे काय? शांत लिहिलं होतं ना? हा आवाज रोजचा आहे का?"

व्यवहार याच उत्तरावर होता. काकांची मुलं पुण्याला, काकांना तिकडं जायचंय, शेड विकली गेलीच पाहिजे. उत्तर सोपं होतं. मला ते ओरडून द्यावं लागलं, मागाच्या वर आवाज चढवून.

"नाही सर! उद्यापासून नाही!"

नान्नांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी ओठांवरूनच वाचलं असणार. टॉवेलचं शेवटचं बोटभर विणू दिलं आणि माग बंद केला.

बिल्डर खूश. "हां, आता कसं शांत." काका ताण्याकडे बघत उभे होते.

त्या शांततेत नान्ना एकदम ओरडले, "चल अम्मा!" बिल्डर दचकले.

परत येताना मी विचारलं, "काय बोलत होता हो तुम्ही दोघं?"

"ताणा किती राहिलाय विचारलं."

"मग?"

"वीतभर म्हणाला." हे त्यांनी अख्ख्या सिग्नलला ऐकू जाईल असं सांगितलं. मी त्यांना 'हळू' म्हणलं नाही.

सौदा झाला. आत्ता दुसरी जाहिरात लिहायला बसले, 'शां' लिहिलं, मोबाईलनं पुढचं आणून दिलं, आणि मी ते सोडून तुम्हाला हे लिहीत बसलेय. खोलीत फक्त पंख्याचा आवाज आहे. खरं सांगा, जो आवाज बंद व्हावा म्हणून तुम्ही देवाला सांगितलं होतं, तोच नंतर कान लावून शोधत बसलाय का कधी?