मागे जाताना किती सिलिंडर

अंबत्तूरच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मी सर्व्हिस अॅडव्हायझर म्हणून लागले, तेव्हा इंजिन आपल्याला कळतं असं मला वाटत होतं. साताऱ्याला ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केला होता, मार्कही बरे होते. पण काउंटरवर इंजिन कळायची गरज पडत नाही. गिऱ्हाईक काय म्हणतं ते जॉब कार्डावर लिहायचं, गाडी आत पाठवायची आणि संध्याकाळी हसून किल्ली परत द्यायची. आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारी गाडी तीन सिलिंडरची होती. सिग्नलला उभी राहिली की ती थोडी थरथरते. एक दिवसाआड कुणीतरी ती तक्रार घेऊन येई. "तीन सिलिंडर आहेत, नॉर्मल आहे," हे माझं उत्तर ठरलेलं. मला तमिळ जेमतेम येत होतं, पण एवढं वाक्य तमिळमध्येही मी न अडखळता म्हणायचे.

एग्मोरहून एक बाई यायच्या. सत्तरीच्या आसपास, शाळेत फिजिक्स शिकवून निवृत्त झालेल्या, गाडी स्वतः चालवणाऱ्या. गाडी फार हादरते म्हणून दोनदा आल्या होत्या आणि दोन्ही वेळा मी कार्डावर 'दोष नाही' लिहून त्यांना परत पाठवलं होतं. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मी फोनवर आईशी बोलत होते. मी फोन ठेवेपर्यंत त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "तूं मराठी काय?"

मी चमकलेच. त्यांचं घराणं तंजावरचं, कित्येक पिढ्या तिकडेच. त्यांच्या मराठीला तमिळचा हेल होता आणि त्या 'विचारते' न म्हणता 'पुसते' म्हणायच्या.

"मग मराठींत पुसते, नीट सांग. तीन सिलिंडर असले तर गाडी कां थरथरते?"

"चारपेक्षा एक कमी आहे ना, बाई."

"एक कमी असला तर जोर कमी होईल. थरथर कां व्हावी?"

परीक्षेत याचं उत्तर मी लिहिलेलं होतं, पण कुणाला समजावून कधी सांगितलं नव्हतं. बाईंनी कॉफीच्या मशीनजवळचे कागदी कप उचलून आणले आणि माझ्यापुढे टेबलावर मांडले. "हे सिलिंडर. दाखव."

मी चार कप एका ओळीत ठेवले. कडेचे दोन हातांनी वर धरले, मधले दोन खाली. कडेचे खाली येतात तेव्हा मधले वर जातात, म्हणजे दोघांचा धक्का दोघं बऱ्यापैकी खोडतात. चार सिलिंडर असले की इंजिनाच्या दर अर्ध्या फेऱ्याला एक स्फोट होतो. मग एक कप काढून घेतला. आता स्फोट दोन तृतीयांश फेऱ्याला एक, म्हणजे दोन ठोक्यांमधलं अंतर वाढलं. शिवाय एका कडेचा कप वर असताना दुसऱ्या कडेचा खालच्या बाजूला, त्यामुळे सगळं इंजिन आलटून पालटून एकेका टोकाला डोलतं.

"बाकावर तीन मुली बसल्या," बाई म्हणाल्या, "आणि तिघी पाळीपाळीनें उठतात-बसतात. बाक डुगडुगणारच."

"हो, तसंच."

"आणि सहा असले तर?"

"तिनाच्या दोन तुकड्या, आरशासारख्या समोरासमोर. एकीचं डोलणं दुसरी खोडते. म्हणून एका ओळीतलं सहाचं इंजिन फार मऊ चालतं. पण ते लांब होतं, छोट्या गाडीत मावत नाही. मग काही कंपन्या तीन-तीनच्या दोन ओळी करून व्ही आकारात बसवतात. काही इंजिनांत दोन्ही बाजू आडव्या निजवलेल्या असतात."

आतापर्यंत लाउंजमधली दोन-तीन माणसं आमच्याकडे बघायला लागली होती. मला मजा येत होती. बाईंनी कप एकात एक घातले.

"सरी, समजलं. आतां दुसरं पुसते. आमच्या बिल्डिंगींत गाड्या तळघरांत. बाहेर येतांना उतारावरून मागे चढवायची असते. तेव्हां गाडी दुप्पट हादरते आणि खाली धाडकन वाजतं. पुढे जातांना इतकं नाहीं. मागे जातांना सिलिंडर कमी होतात काय, कण्णा?"

'कण्णा' म्हणजे तमिळमध्ये लाडाने 'बाळा'. मी हसले नाही. त्या चिडून बोलत नव्हत्या, त्यांना खरंच उत्तर हवं होतं. आणि उत्तर उघड होतं. गाडी मागे जाते तेव्हाही इंजिन त्याच बाजूला फिरतं, सिलिंडर तेवढेच असतात. म्हणजे दोष दुसरीकडेच होता. रिव्हर्सची गोष्ट मागच्या दोन्ही खेपांना त्यांनी सांगितली होती का? नंतर मी कार्डं काढून पाहिली. दुसऱ्या कार्डावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: रिव्हर्समध्ये जास्त. लिहून घेतलं होतं, वाचलं नव्हतं.

मी आतल्या मेकॅनिक अण्णांना बोलावलं. पंचवीस वर्षं इंजिनात हात घालणारा माणूस. बॉनेट उघडून ते समोर उभे राहिले. मी गाडीत बसले, ब्रेक दाबून रिव्हर्स टाकला आणि क्लच अलगद सोडायला लागले. अण्णांनी हात वर करून मला थांबवलं. इंजिन एका बाजूने उचललं जात होतं. ज्या रबरी माउंटवर ते टेकलेलं असतं त्यांपैकी एक फाटलेलं होतं. पुढे जाताना इंजिनाचा रेटा ते दाबून ठेवायचा; मागे जाताना चाकं उलटी फिरतात, म्हणून इंजिनाला पीळही उलट्या दिशेने बसायचा आणि फाट उघडायची.

बाई वाकून बघत होत्या. मी म्हटलं, "बाई, चूक माझी. दोनदा तुम्हाला तसंच परत पाठवलं."

"तूं रोज एकच धडा म्हणतेस," त्या म्हणाल्या. "मीही वर्गांत तसंच करीत असे. मग एखादी मुलगी उभी राहून काहीं पुसायची."

माउंट यायला चार दिवस लागले. वॉरंटीत बदललं. गाडी घ्यायला आल्यावर बाईंनी आधी आवारातच ती मागेपुढे करून पाहिली, मग इंजिन चालू ठेवून स्टिअरिंगवर हात ठेवून बसल्या. थरथर होतीच, हलकी. "हें तिनाचं," त्या म्हणाल्या. "हें असूं दे." आणि गेल्या.

त्या आठवड्यात मी मागच्या काही महिन्यांची, थरथरीच्या तक्रारीवर 'दोष नाही' लिहिलेली कार्डं काढली आणि एकेकाला फोन करायला लागले. मॅनेजरना ते आवडलं नाही. बंद झालेल्या तक्रारी कशाला उकरायच्या, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, फाटलेलं माउंट उद्या रस्त्यात तुटलं तर ती तक्रार मोठी होईल. ते केबिनमध्ये निघून गेले, पण अडवलं नाही.

बहुतेकांच्या गाड्या ठीक होत्या, नुसती तिनाची थरथर. एन्नोरला वीज प्रकल्पात काम करणाऱ्या एका माणसाने मात्र सांगितलं की रिव्हर्सला खाली काहीतरी आपटतं. तो चिडेल म्हणून मी तयारीत होते. त्याने एवढंच विचारलं, किती वेळ लागेल?

"बघायला दहा मिनिटं," मी म्हणाले, "बदलायचं झालं तर दीड-दोन तास. शनिवारी सकाळी आणा. मी असेन."